गोधडी पार्सलनं पाठवायची आहे? ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

काचेची बरणी पाठवताना सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. गोधडी पाठवताना कुणाला काही वाटत नाही, कारण ती फुटत नाही. मग असेल त्या पिशवीत कोंबायची, सुतळी गुंडाळायची, वर मार्करनं पत्ता लिहायचा आणि पोस्टाच्या खिडकीत सरकवायची, असं चालतं. वस्तू न फुटणारी असली तरी तिचं वाटोळं करणाऱ्या तीन गोष्टी आहेत: पाणी, निघून गेलेला पत्ता आणि पार्सल उघडणाऱ्याच्या हातातली सुरी. पुढे जे काही सांगितलंय ते या तिघांसाठी आहे. दाब, आपटणं, उलटंपालटं होणं हे गोधडी सहज सोसते.

सुरुवात खोक्यापासून करू नका, गोधडीपासून करा.

आधी गोधडी तयार करा

नवी शिवलेली गोधडी एकदा धुऊनच पाठवावी. नव्या कापडातली खळ, खडूच्या खुणा, हाताचा घाम सगळं निघतं आणि रंग जातो का तेही तुमच्याच घरी कळतं. धुण्याआधी एक पांढरा रुमाल ओला करून लाल, किरमिजी, गडद निळ्या तुकड्यांवर दाबून धरा. खणाचे आणि बाटिकचे तुकडे हमखास तपासा. रुमालाला रंग लागला तर ती गोधडी वाटेत भिजल्यावर काय होईल हे कळलंच. असे तुकडे असलेली गोधडी घडी घालताना मध्ये धुतलेलं पांढरं कापड घाला आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळी धुवायची.

आता वाळवणं. इथे आपल्या भागाचा हिशोब वेगळा आहे. खाडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे कोपरी-नौपाडा असो की ऐरोली-वाशी, हवेतला दमटपणा वर्षातले बरेच महिने जात नाही. चार-पाच थरांची गोधडी वरून खडखडीत लागते आणि आतला थर ओलाच असतो. ओळखायची सोपी पद्धत अशी: घडी घालून तासभर ठेवा, मग घडीच्या मधोमध हात घालून जरा वेळ दाबून धरा. गार लागलं तर ओल आहे. पुन्हा उन्हात टाका, दुपारी उलटा आणि संध्याकाळी आत आणल्यावर लगेच प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. उन्हानं तापलेलं कापड बंद पिशवीत गेलं की आतल्या आत वाफ धरतं, आणि जी ओल दोन दिवस खपून घालवली तीच परत येते. रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा, सकाळी बांधा.

जून ते सप्टेंबर? माझं मत विचाराल तर घाई नसेल तेव्हा पाठवूच नका. घेणारा थांबायला तयार असेल तर दसऱ्यानंतरचा वायदा करा. पावसाळ्यात पार्सल ज्या ज्या ठिकाणी उतरतं तिथे तिथे ते ओल्या फरशीवर टेकण्याची शक्यता असते. पाठवणं भागच असेल तर पंखा आणि गरम इस्त्री दोन्ही वापरा, इस्त्री दोन्ही बाजूंनी फिरवा आणि पुढे सांगितलेली प्लॅस्टिकची दोन कवचं चुकवू नका.

वाळलेल्या गोधडीवरून एक लोहचुंबक सावकाश फिरवा. जाड थरांत तुटलेल्या सुईचं टोक किंवा विसरलेली टाचणी हाताला लागत नाही, चुंबकाला लागते. ज्याच्या बाळासाठी ती गोधडी चाललीय त्याच्यासाठी एवढं कराच.

मग मागच्या बाजूला एका कोपऱ्यात पांढऱ्या पट्टीचा तुकडा शिवून टाका. त्यावर न पुसणाऱ्या पेननं शिवणाऱ्याचं नाव, गाव, मोबाइल नंबर. खोकं फाटलं, लेबल गेलं, प्लॅस्टिक गेलं, तरी गोधडी कुणाची हे तिच्याच अंगावर लिहिलेलं राहतं. सगळ्या बांधणीतला हा सर्वांत स्वस्त विमा आहे आणि नेमका हाच बहुतेक जण करत नाहीत.

फोटो काढा: पूर्ण पुढून, पूर्ण मागून, टेप लावून लांबी-रुंदी, आणि एखादा असा कोपरा ज्यावरून ही गोधडी दुसऱ्या कुठल्याही गोधडीपासून वेगळी ओळखता येईल. एखादं ठिगळ, वळलेला टाका, काठाचा जोड, काहीही चालेल. तक्रार करायची वेळ आली तर याच फोटोंवर सगळं उभं राहतं.

घडी

गोधडी अर्ध्यात दुमडून पुन्हा अर्ध्यात दुमडायची सवय मोडा. मधोमध पडलेली चुणी धावदोऱ्याच्या ओळीवर ताण देते आणि दाबाखाली राहिली तर तिथले टाके ओढले जातात. तिसऱ्या हिश्श्यात दुमडा, आणि प्रत्येक मोडीत जुन्या मऊ सुती साडीची किंवा ओढणीची सैल गुंडाळी ठेवा, म्हणजे मोड गोल राहते. वर्तमानपत्र मात्र नको. त्याची शाई दमट हवेत कापडाला लागते आणि पांढऱ्या अस्तरावरून निघता निघत नाही.

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या मिळतात, त्या वापराव्यात का असं नवीन मुली नेहमी विचारतात. कापूस भरलेल्या दुलईचा आकार त्यांनी निम्मा होतो हे खरं. पण साड्यांच्या थरांच्या गोधडीत हवा मुळात कमी असते, त्यामुळे फायदा थोडा आणि कडक चुण्या भरपूर. शिवाय पिशवीला सुईएवढं भोक पडलं की ती पुन्हा फुगते आणि नेमक्या मापाच्या खोक्याची शिवण उसवते. हातशिवणीच्या गोधडीला मी त्या वापरू नका म्हणेन.

आतली कवचं

सर्वांत आत कापड. उशीचा जुना पण स्वच्छ अभ्रा किंवा साधी शिवलेली सुती पिशवी उत्तम. त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, तोंड दुमडून चिकटपट्टीनं बंद. त्यावर दुसरी तशीच पिशवी, पण तोंड पहिलीच्या उलट्या बाजूला. दोन पिशव्यांच्या मध्ये घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला कागद बाहेरून वाचता येईल असा ठेवा. अभ्र्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. बूट-चपलांच्या खोक्यातून आलेल्या जुन्या पुड्यांनी ओल आधीच शोषलेली असते, त्या नकोत.

काळी कचऱ्याची पिशवी कधीही वापरू नका. फाटक्या खोक्यातून बाहेर आलेली काळी पिशवी कुणालाही कचराच वाटते, आणि घेणाऱ्याच्या घरी दारामागे ठेवलेली काळी पिशवी सकाळच्या कचऱ्याबरोबर जाऊ शकते.

डांबराच्या गोळ्याही नकोत. कोंडलेल्या पिशवीत त्यांचा वास कापडात असा मुरतो की घेणाऱ्याला आठवडाभर गोधडी अंगावर घेता येत नाही. कडुनिंबाची वाळलेली पानं देशातल्या देशात चालतील, परदेशी पार्सलात अजिबात नाही.

खोकं आणि शिवलेलं वेष्टन

खोकं नवं, पाच पदरी घ्या. दुकानात फाइव्ह प्लाय म्हटलं की देतात. वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसी परिसरात आणि ठाण्याच्या बाजारात पॅकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे सुटं एक खोकंही मिळतं. फळबाजारातलं सफरचंदाचं रिकामं खोकं मजबूत दिसतं आणि फुकटही मिळतं, पण त्यात फळाचा रस मुरलेला असतो, झुरळांची अंडी असू शकतात आणि वास कापडाला लागतो. घरी आलेल्या ऑनलाइन खरेदीचं खोकं वापरणार असाल तर जुना पत्ता आणि प्रत्येक जुना बारकोड खरवडून काढा किंवा काळ्या मार्करनं पूर्ण झाका. यंत्राला जुना बारकोड दिसला तर पार्सल भलतीकडे फिरू शकतं.

आकाराचा पैशांशी थेट संबंध आहे. हलक्या पण फुगीर पार्सलांचं वजन काट्यावरच्या आकड्याऐवजी आकारावरून धरतात, त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि सहसा ५००० नं भागायचं. अडीच किलोची एकेरी गोधडी ५० × ४० × ३० सेंटीमीटरच्या खोक्यात घातली की हिशोबात १२ किलो धरली जाते. तीच ४० × ३० × २० च्या खोक्यात नीट बसली तर ४.८ किलो. म्हणजे मोठं खोकं घेऊन रिकाम्या जागेत कागदाचे बोळे भरणं हे दुहेरी नुकसान. आधी घडी मोजा, मग खोकं विकत घ्या.

खोक्याच्या तळाची आणि वरची फट रुंद ब्राउन टेपनं बंद करा, आणि दोन्ही टोकांच्या कडांवरही आडवी पट्टी मारा. पाणी शिरतं ते कडांतून. वरच्या झाकणाखाली, गोधडीच्या अंगावर, खोक्याच्या मापाचा जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायला विसरू नका. उघडणाऱ्यानं कितीही सांगून सुरी चालवलीच तर ती आधी पुठ्ठ्याला लागेल.

खोक्याऐवजी जुन्या पद्धतीनं मांजरपाटात शिवलेलं पार्सलही चांगलं टिकतं. पूर्वी पार्सल असंच, शिवणीवर लाखेचे शिक्के मारून जायचं. आपल्याला सुई-दोरा नवा नाही, तासाभरात वेष्टन होतं, आकारही नेमका राहतो. दोन अटी: आतली प्लॅस्टिकची कवचं पक्की हवीत, कारण मांजरपाट पाणी पितो, आणि पत्ता न पुसणाऱ्या मार्करनं थेट कापडावर लिहायचा, कारण चिकटवलेला कागद कापडावरून सुटतो. गावाकडे, जिथे शेवटचा टप्पा सायकलच्या मागे बांधून होतो, तिथे मी खोक्यापेक्षा हेच पसंत करते.

पत्ता

नवी मुंबईत सगळ्यात जास्त गोंधळ सेक्टरनं होतो. सेक्टर १५ वाशीतही आहे, बेलापूरलाही आहे आणि खारघरलाही. 'सेक्टर १५, नवी मुंबई' हा पत्ता नव्हे, कोडं आहे. नोडचं म्हणजे वाशी, नेरूळ अशा उपनगराचं नाव, सेक्टर, प्लॉट नंबर, सोसायटीचं नाव, विंग, घर नंबर, आणि पिन. वाशीचा ४००७०३, नेरूळचा ४००७०६, ऐरोलीचा ४००७०८, कोपरखैरण्याचा ४००७०९, सीबीडी बेलापूरचा ४००६१४. खारघर मात्र ४१०२१०, पनवेल ४१०२०६: खाडीपलीकडचं सगळं ४०० नं सुरू होतं अशा समजुतीत लोक खारघरचा पिन मनानं लिहून टाकतात.

ठाण्यात पूर्व-पश्चिम न लिहिणं हा नेहमीचा घोळ. कोपरीकडचा पूर्व भाग ४००६०३, स्टेशनजवळचा पश्चिम भाग ४००६०१, नौपाडा ४००६०२. 'घोडबंदर रोड, ठाणे' एवढंच लिहिलं तर तो रस्ता किती लांब आहे ते पोस्टमनलाच ठाऊक; मानपाडा, कासारवडवली असं ठिकाण हवंच. आणि ठाणे जिल्हा म्हणजे ठाणे शहर नव्हे, डोंबिवली-कल्याणवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून टपाल वाट चुकू नये म्हणून ती सोय होती. तेव्हा सहा आकडे सुटे सुटे, मोठे लिहा. एकाला सातासारखं वळण देऊ नका. महाराष्ट्रात मराठी पत्ता चालतो. राज्याबाहेर इंग्रजीत लिहा. पाठवणारा आणि घेणारा, दोघांचेही मोबाइल नंबर हवेत. पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच बाजूला, पण लहान अक्षरात आणि 'प्रेषक' असं लिहून, नाहीतर पार्सल फिरून तुमच्याच दारी येईल.

बाहेर 'हातानं शिवलेली गोधडी' असं लिहून गिऱ्हाईक वाढत नाही, फक्त लोकांची नजर पडते. 'कापडी सामान' पुरे. काउंटरवर विचारलं तर खरं ते सांगा.

पोस्टाच्या खिडकीशी

देशातल्या देशात बहुतेकांना स्पीड पोस्ट सोयीचं पडतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, म्हणून 'रजिस्टर करून द्या' म्हणणाऱ्या काकूंना आता वेगळी खिडकी नाही. पार्सल त्याच माणसाच्या हाती पडावं असं वाटत असेल तर रजिस्ट्रेशनची किंवा ओटीपी दाखवून ताबा देण्याची जादा सोय मागा, त्याचे थोडे जास्त पैसे पडतात.

विमा वेगळा मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. विमा नसलेलं पार्सल हरवलं तर भरपाई वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, त्यामुळे हाती येते ती रक्कम गोधडीच्या मानानं नगण्य. विम्यासाठी किंमत दाखवावी लागते: विकलेली असेल तर पावती, नसेल तर कापड, दोरा आणि कामाचे तास यांचा लेखी हिशोब. आता खरं बोलू. आजीच्या लुगड्यांची गोधडी असेल तर तिची किंमत कुठल्याच हिशोबात बसत नाही, आणि दुसरी आणताही येत नाही. ती टपालात घालू नका. त्या गावाला कुणी जाणारं असेल त्याच्या हाती द्या, महिना थांबावं लागलं तरी.

सोमवारी किंवा मंगळवारी बुक करा. शनिवारी दिलेलं पार्सल रविवार कुठल्या तरी गोदामात काढतं. टेप आणि कात्री बरोबर न्या, आत काय आहे ते दाखवायला सांगितलं तर तिथेच परत बंद करता येतं. कर्मचारी संगणकावर पत्ता भरत असताना पडद्यावरचा पिन तुमच्या कागदाशी ताडून पाहा, पावती छापून झाल्यावर बदल करणं कटकटीचं असतं. पावतीवर दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन असा पार्सलचा माग काढायचा नंबर असतो. खिडकी सोडायच्या आधी त्याचा फोटो घ्या; पावतीची छपाई काही महिन्यांत उडते.

खासगी कुरिअर घरून पार्सल उचलतं ही मोठी सोय, शहराशहरांत वेळही कमी लागतो. पण पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचा, जबाबदारीची मर्यादा तिथेच असते. आणि पत्ता लहान गावातला असेल तर ते थेट घरी देतात की तालुक्याच्या ऑफिसात येऊन न्यायला सांगतात, हे आधी विचारा. पोस्टमन गावात जातोच. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलेल्या पार्सलाला पावती नसते, एवढं सांगून तो विषय सोडते.

परदेशी पाठवताना

ओळखपत्राची प्रत लागते आणि सीमाशुल्काचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नुसतं 'गिफ्ट' लिहून भागत नाही. 'सुती हातशिवणीची गोधडी, १ नग' असा इंग्रजी तपशील, वजन, किंमत असं सगळं भरा. रजया-दुलयांचा जागतिक वर्गीकरणातला गट ९४०४ आहे, तो आकडा लिहून न्या. किंमत मुद्दाम कमी दाखवू नका: विमाही तेवढाच मिळतो आणि तिकडे संशय आला तर पार्सल अडकतं.

अमेरिकेचे नियम अलीकडे वारंवार बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडचं बहुतेक टपाल बुकिंग थांबलं होतं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं, तेही शुल्क इथेच आधी भरण्याच्या पद्धतीनं. म्हणून गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा सांगायच्या आधी काउंटरवर त्या आठवड्याचा नियम विचारा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड वनस्पतींच्या बाबतीत फार कडक आहेत: पानं, लवंगा, वेखंड, वाळलेली फुलं, गवती पिशवी, काहीही घालू नका.

पार्सल गेल्यावर

घेणाऱ्याला नंबर, अंदाजे दिवस आणि दोन सूचना पाठवा: सुरीनं उघडू नका, टेप ओढून काढा, आणि उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे ठेवायला सांगणं सोपं असतं, पण पावसात त्याच्या केबिनबाहेर पार्सलांचा ढीग कुठे असतो ते सगळ्यांनी पाहिलंय. घरी कुणी असेल तोच दिवस साधावा. पोस्टाची चिठ्ठी आली तर लगेच ऑफिसात जाऊन आणा, कारण ठरावीक मुदतीनंतर पार्सल परत फिरतं.

नंबर दोन-तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलेला दिसला तर घाबरू नका, सणासुदीत तसं होतं. त्यापेक्षा जास्त लांबलं तर पोस्टाच्या १८०० २६६ ६८६८ या नंबरवर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

आणि गोधडी भिजूनच पोचली तर? खोक्याचे, पिशव्यांचे, गोधडीचे फोटो आधी. रंग एकमेकांत उतरला असेल तर ती वाळू देऊ नका. वाळला की डाग पक्का बसतो. ताबडतोब भरपूर गार पाण्यात बुडवायची, पाणी रंगीत होत राहील तोवर बदलत राहायचं, पिळायची नाही. नुसती दमट असेल, रंग गेला नसेल, तर उलगडून पंख्याखाली, मग सावलीत. कुबट वास राहिला तर पुन्हा एकदा धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी. घेणाऱ्याला हे फोनवर सांगण्यापेक्षा एका कागदावर लिहून अभ्र्यातच ठेवलेलं बरं, तुमचा फोन लागेपर्यंत तो थांबणार नाही.